ट्रिगचे ग्राफ: सीईटीआधी या चुका टाळा

एमएचटी-सीईटीच्या गणितात ५० प्रश्न, ९० मिनिटं, प्रत्येकी २ गुण. ‘ग्राफ काढा’ असं तिथे कुणी सांगत नाही, म्हणून उजळणीत मुलं ट्रिगचे, म्हणजे त्रिकोणमितीतल्या साइन, कॉस, टॅनचे, ग्राफ सरळ सोडून देतात. पहिली चूक हीच. किती उकली आहेत, पिरियड (किती अंतरानंतर लाट पुन्हा तशीच सुरू होते ते) किती, क्षेत्रफळ किती, अशा कितीतरी प्रश्नांत कच्च्या कागदावरची एक लाट पानभर बीजगणित वाचवते. फक्त ती लाट बरोबर काढता यायला हवी.

शिकवताना मला सगळ्यात जास्त दिसते ती शिफ्टची चूक. साइन (२क्ष − π/३) दिसलं की वर्गातले निम्मे हात ग्राफ π/३ ने उजवीकडे सरकवतात. तो सरकतो π/६ ने, कारण कंसात खरं तर २(क्ष − π/६) आहे. ‘वजा असेल तर उजवीकडे, अधिक असेल तर डावीकडे’ हे घोकलेल्यांचाच इथे घोळ होतो. त्यापेक्षा कंसातलं सगळं शून्य करा. २क्ष − π/३ = ०, म्हणून क्ष = π/६. लाट तिथून सुरू.

आता पूर्ण ग्राफ काढू: ३ साइन (२क्ष − π/३) + १. पिरियड २π भागिले २, म्हणजे π. त्याचे चार सारखे भाग केले की एकेक पाऊल π/४ चं. π/६ पासून चालायला लागा: π/६, ५π/१२, २π/३, ११π/१२, ७π/६. या पाच ठिकाणी उंची अनुक्रमे १, ४, १, −२, १. पाच टिंबं गोलाईने जोडली की झालं. कमाल किंमत ३ लिहून मोकळे होणारे शेवटचा + १ विसरलेले असतात. मधली रेघच १ वर गेली आहे, म्हणून ती ४ आणि किमान −२. ही रेघ आधी तुटक काढून ठेवा, मग विसरायला होत नाही. आणि कंसात क्षच्या आधीच वजा असेल, जसं साइन (π/३ − २क्ष), तर लाट त्याच ठिकाणाहून निघते, पण आधी खाली उतरते.

पिरियडबद्दल थोडक्यात. टॅनचा पिरियड π, २π नाही. साइनचा वर्ग केला किंवा मापांक (वजा चिन्ह काढून उरलेली किंमत) घेतला की खालचा भाग वर येतो आणि पिरियड π होतो. साइन πक्ष चा पिरियड २ आहे. उत्तरात π नाही म्हणून घाबरून पर्याय बदलू नका. बेरजेत लसावि काढतात, पण साइनचा चौथा घात अधिक कॉसचा चौथा घात यात लसावि π येतो आणि खरा पिरियड π/२ असतो. लसाविचं अर्धं ठेवून एकदा ताडून बघायची सवय लावा.

उकली मोजताना अंदाज नको, आकडे हवेत. साइन क्ष = क्ष/१० ला किती उकली? साइन १ च्या वर जात नाही, म्हणून −१० ते १० एवढंच बघायचं. ३π म्हणजे साधारण ९.४२, दहाच्या आत. त्यामुळे उजवीकडचे दोन उंचवटे पूर्ण बसतात: पहिल्यावर शून्य सोडून एक छेद, दुसऱ्यावर दोन. डावीकडेही तीन, आणि शून्य. एकूण ७. तीन लिहिणारा ऋण बाजू आणि शून्य दोन्ही विसरतो, सहा लिहिणारा फक्त शून्य. दोघांचं गणित येत असूनही गुण जातात, याचं मला फार वाईट वाटतं. अंतरालाचे (कुठून कुठपर्यंत बघायचं त्याचे) कंसही बघा: साइन क्ष = ० ला ० ते २π मध्ये दोन्ही टोकं धरली तर तीन उकली, २π वगळलं तर दोनच.

बारावीच्या क्षेत्रफळात हाच ग्राफ पुन्हा भेटतो. ० ते २π साइनचं संकलन (इंटिग्रेशन) शून्य येतं आणि पर्यायांत शून्य असतंच. विचारलेलं असतं क्षेत्रफळ: वरचा उंचवटा २, खालचा खड्डा २, मिळून ४. लाट डोळ्यांसमोर असेल तर शून्यावर टिचकी मारायला हात धजत नाही.