इफच्या वाक्यात विल कुठे, वुड कुठे

ऐरोली-महापे पट्ट्यात इंटरनॅशनल कस्टमर सपोर्टला लागताय ना, मग टेन्सचे सगळे तक्ते पाठ करण्याआधी इफची वाक्यं पक्की करा, कारण दिवसभर कस्टमरला तेच सांगायचं असतं, असं केलंत तर असं होईल. नवीन बॅचचे कॉल मी ऐकते, त्यात 'इफ यू विल रिस्टार्ट द राउटर, इट विल वर्क' हमखास असतं. पुढची गोष्ट असली तरी इफच्या बाजूला साधा प्रेझेंट, 'इफ यू रिस्टार्ट'. आपण नाही का 'उद्या पाऊस आला तर लोकल लेट होईल' म्हणत, उद्याचा पाऊस आणि 'आला', कुणाला खटकतं का?

खरी गोची पुढे आहे. 'पैसे असते तर घणसोलीत फ्लॅट घेतला असता' हे आजचं रडगाणं की जुनं? मराठीत दोन्ही चालतं, समोरच्याला मागच्यापुढच्या बोलण्यावरून कळतं. इंग्लिशमध्ये आधीच ठरवावं लागतं. आज पैसे नाहीत तर 'इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय अ फ्लॅट'. तेव्हा नव्हते तर 'इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट अ फ्लॅट'. हॅड हॅड विचित्र वाटतं, पण बरोबर आहे, बोलताना पहिल्याचं नुसतं 'आयड' होतं.

आपल्याकडे दोन्ही बाजूंना असते-असता येतं म्हणून आपण वुडही दोन्हीकडे चिकटवतो, 'इफ आय वुड हॅव नोन'. अमेरिकन कस्टमर स्वतःच असं बोलताना ऐकाल, बोलू दे त्याला, तुम्ही ईमेलमध्ये आणि टेस्टमध्ये 'इफ आय हॅड नोन'च लिहा.

मग मिक्स प्रकार, बिलिंगच्या कॉलला लागतोच: 'इफ यू हॅड पेड लास्ट वीक, युअर लाइन वुड बी वर्किंग नाऊ'. पैसे भरायचे राहिले मागच्या आठवड्यात, लाइन बंद आहे आत्ता, म्हणून दोन तुकड्यांचे काळ वेगळे. (असं तोंडावर सांगू नका हां, कस्टमर भडकतो.)

आणि इफनंतर विल कधीच नाही असंही धरून बसू नका. 'आय विल चेक इफ द टेक्निशियन विल कम टुडे' एकदम बरोबर, कारण इथे अट नाहीच, येणार की नाही एवढंच बघायचंय. 'अनलेस'मध्ये मात्र नकार आधीच असतो, तेव्हा 'अनलेस यू डोन्ट पे' म्हणालात तर कस्टमरला उलटंच सांगाल.