लकवा का मेंदूची सूज? घरच्यांनी काय बघायचं, काय करायचं

पहिलं काम म्हणजे घड्याळ बघा. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर धरवत नाही, बोलणं बोबडं, यातलं काहीही अचानक झालं तर तो लकवा (स्ट्रोक) समजा, माणूस शेवटचा नीट कधी होता ती वेळ लिहून ठेवा आणि 108 ला फोन लावा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासाच्या आत द्यावं लागतं आणि आपल्याकडं सोलापूर भागात लोक तेल चोळत बसतात नायतर डायरेक्ट पुण्याला गाडी काढतात, मग सगळा टाइम टेंभुर्णी-इंदापूरच्या रस्त्यावरच जातो. सीटी स्कॅन सोलापुरातच करा आधी.

मेंदूची सूज, म्हणजे ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, मात्र बहुतेक वेळा असा झटक्यात येत नाही. रोगाशी लढणाऱ्या शरीराच्या स्वतःच्याच अँटीबॉडी मेंदूवर उलटतात, आणि काही दिवसात, काही आठवड्यात वाढत जातं, झोप उडते, भास होतात, संशय घेतात, विसरतात, मग फिट. घरचे म्हणतात बाहेरचं झालंय. 2007 साली ओळखला गेलेला एनएमडीए रिसेप्टरवाला (मेंदूच्या पेशींवरच्या त्या नावाच्या प्रथिनावर अँटीबॉडी हल्ला करतात तो) प्रकार तरुण पोरींत जास्त दिसतो, काहींना अंडाशयात गाठ असते, त्यामुळं पोटाची सोनोग्राफी सांगितली तर "डोक्याच्या आजाराला पोट कशाला" म्हणून वाद घालू नका.

घोळ कुठं होतो? फिट येऊन गेल्यावर हातपाय काही तास लुळे राहू शकतात, हुबेहूब लकवा. आणि उलटं पण होतं, ऑटोइम्यून आजारात मेंदूच्या रक्तवाहिन्याच सुजल्या, किंवा ल्युपस, अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम (रक्तात गुठळ्या करणारा) असे ऑटोइम्यून आजार असतील तर खरा स्ट्रोक येतो, तो पण कमी वयात. म्हणून घरी निवाडा करू नका, डॉक्टरला फक्त क्रम सांगा, आधी काय झालं, मग काय.

मोबाइलवर व्हिडिओ काढाच. या मेंदूच्या सुजेच्या एका प्रकारात चहाचा कप धरलेला हात आणि त्याच बाजूचा गाल सेकंदभर हिसडतो, दिवसातून कितीतरी वेळा, आणि ओपीडीत गेलं की नेमकं काही होत नाही!

मेंदूची सूज ओळखायला एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) आणि पाठीतलं पाणी काढणं, एवढं लागतं. पाणी काढल्यानं कमरेपासून लुळं पडतं ही निव्वळ अफवा आहे. अँटीबॉडीचा रिपोर्ट यायला दिवस लागतात, तोवर डॉक्टर स्टेरॉइड सुरू करत असतील तर अडवू नका. आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं, दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीचं औषध) द्यायचं ठरलं तर आधी कधी गुठळी, हार्ट अटॅक, स्ट्रोक झाला होता का ते आठवून सांगा, कारण त्या औषधानं पण गुठळीचा धोका थोडा वाढतो. आणि खर्चाचं, अ‍ॅडमिट झाल्या झाल्या आरोग्यमित्राला (दवाखान्यातला योजनेचा माणूस) गाठून जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारून घ्या, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.