कामाचं जहाज आखताना

पहिल्या बैठकीत मालक लांबी, वेग आणि नाव सांगतो. मी तिन्ही बाजूला ठेवते आणि विचारते: सगळ्यात वाईट दिवशी डेकवर नक्की काय चाललेलं असेल? याचं उत्तर मिळेपर्यंत कागदावर रेघ ओढू नका.

केबल दुरुस्तीचं जहाज असेल तर केबल किती वाकलेली चालते, यावरून ती ज्या चाकावरून वर येते त्याचा व्यास ठरतो. चाकावरून डेकची मांडणी, आणि मांडणीवरून रुंदी. नांगर हाताळणाऱ्या जहाजाची सुरुवात विंचपासून, म्हणजे दोर-साखळी ओढून गुंडाळणाऱ्या यंत्रापासून करा. आधी देखणा सांगाडा काढून मग त्यात यंत्रं कोंबण्याचा उद्योग मीही उमेदवारीच्या काळात केलाय. सगळं बसतं, फक्त माणसाला पाना फिरवायला जागा उरत नाही.

मग वर्षाचे तास मांडा: प्रवासात किती, एका जागी उभं राहून काम करण्यात किती, बंदरात किती. लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १२ नॉटवरून १४ वर जायला जवळजवळ ६० टक्के जास्त. जहाज बहुतेक वेळ उभंच राहणार असेल तर ते दोन नॉट मालकाच्या हौसेचे आहेत, तसं स्पष्ट सांगा. अशा ठिकाणी एका दांडग्या इंजिनापेक्षा चार मध्यम जनरेटर आणि जहाज ढकलणारे, विजेवर फिरणारे पंखे बरे. लागतील तेवढेच चालवता येतात.

आता स्थैर्य. इथे घाई नको. नेहमीची गणितं जहाज मोकळं आहे असं धरून चालतात. कामाचं जहाज मात्र कशाला तरी बांधलेलं असतं. १२ एप्रिल २००७ रोजी स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांच्या पश्चिमेला 'बूर्बों डॉल्फिन' हे जहाज नांगराची साखळी ओढत असताना कलंडलं आणि आठ जण गेले. जहाज वर्षभराचंही झालं नव्हतं. साखळी मागून सरळ ओढते तोवर ठीक. ती बाजूला सरकली की तीच ओढ जहाज आडवं करायला लागते. म्हणून प्रत्येक कोनाला किती टन ओढ चालेल याचा तक्ता करा आणि तो विंच चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लावा. जाडजूड पुस्तकातला तक्ता तिथे कोणी उघडत नाही.

अर्धवट भरलेल्या टाक्याही तितक्याच दगाबाज. पाणी कलत्या बाजूला धावतं आणि कल वाढवतं. टाकीच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक उभी भिंत घातली की हा परिणाम चौथ्या हिश्श्यावर येतो. एवढ्या स्वस्तात दुसरं काही मिळत नाही.

एका जागी स्थिर राहण्याची यंत्रणा, म्हणजे डीपी, दुसऱ्या वर्गाची हवी असेल तर कुठलंही एक यंत्र बिघडलं तरी जहाज हलता कामा नये. तिसऱ्या वर्गात एक खोली जळाली किंवा बुडाली तरीही नाही. माझ्या एका जहाजात वीज वाटणारे स्विचबोर्ड दोन, जनरेटर दोन्हीकडे, सगळं छान. थंड करायचं समुद्राचं पाणी मात्र दोघांना एकाच जाळीतून. एक प्लास्टिकची पिशवी पुरली असती. तेव्हापासून मी विजेच्या नकाशाआधी पाण्याचा आणि हवेचा नकाशा मागते.

गोदीत काम सुरू झालं की वजनाची वही ठेवा. प्रत्येक पाइप, प्रत्येक केबल, किती उंचीवर बसली तेही. वाढ कायम वरच्या मजल्यांवर होते, कारण आठवलेल्या गोष्टी तिथेच चिकटवल्या जातात.

वहीची परीक्षा कलचाचणीत होते, म्हणजे जहाज मुद्दाम थोडं कलवून त्याचं स्थैर्य मोजतात तेव्हा. वारा पडलेली सकाळ बघा, दोर सैल सोडा, टाक्या एकतर रिकाम्या नाहीतर काठोकाठ. डेकवर वजनं आडवी सरकवायची आणि लंबक किती हलतो ते मोजायचं; गोळा तेलाच्या बादलीत बुडवलेला, म्हणजे थरथरत नाही. समजा २,००० टनांच्या जहाजावर १० टन ८ मीटर सरकवले आणि ४ मीटरचा लंबक १६० मिलिमीटर हलला, तर जीएम, म्हणजे स्थैर्याचं माप, १ मीटर. या वेळी डेकवरच्या प्रत्येकाने खुणेवर उभं राहायचं. चहा घेऊन येणारा मुलगासुद्धा मी थांबवलाय.

समुद्रावरच्या चाचणीत एक स्विचबोर्ड मुद्दाम पाडा आणि जहाज जागेवर राहतं का बघा. दोर ताणलेला असताना तो सोडून देणारं आपत्कालीन बटण दाबा, सेकंद मोजा. मग विंचच्या खुर्चीत स्वतः बसा. मी एकदा उशिरा बसले: साखळी ज्यावरून समुद्रात उतरते त्या मागच्या रोलरचा डावीकडचा अर्धा भाग चिमणीने झाकला होता. चिमणी काही हलवता आली नाही, कॅमेरा लावून भागवलं. आता नकाशा मंजूर करण्याआधी मी पुठ्ठ्याचा ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, उभारून त्यात खुर्ची टाकते, आणि विंच चालवणाऱ्यालाच बसवते.