उजनीची मासळी सोलापुरात विकायची, तर बर्फ काठावरच हवा

निसर्गातून धरलेले काय विकता येते, ते आधी पाहू. रानात धरलेले प्राणी-पक्षी विकण्याचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केव्हाच मिटवला आहे. ससा, तितर, लावा किंवा रानडुक्कर यांची शिकार करणे आणि त्यांचे मांस विकणे हा गुन्हा आहे, आणि 'गावाकडचे आहे, थोडेसेच आहे' या सबबीने तो सुटत नाही. सोलापूर जिल्ह्यात निसर्गातून पकडून उजळ माथ्याने विकता येते ती प्रामुख्याने उजनी धरणाची मासळी. जाळ्यात कासव अडकले तर तेही कायद्याने संरक्षित आहे, म्हणून ते जागीच सोडून द्यावे आणि पुढच्या कामाला लागावे.

परवाना, होडी आणि जाळे ज्यांच्याकडे आहे, किंवा जे टेंभुर्णी, करमाळा, इंदापूर, भिगवण या पट्ट्यातून माल उचलून सोलापुरात विकतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मच्छीमाराच्या स्वतःच्या मासेमारीला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होत नाही. परंतु लिलावातून घेतलेला मासा जो पाटीवर मांडून विकतो, तो कायद्याच्या भाषेत अन्न व्यावसायिक ठरतो आणि त्याला नोंदणी घ्यावीच लागते. ती अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 'फॉस्कॉस' या संकेतस्थळावर ऑनलाइन होते, चौदा अंकी क्रमांक मिळतो आणि तो कागद गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा असतो. यात अवघड काही नाही, त्यामुळे एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही.

मासा जाळ्यातून काढल्यावर होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात पडू देऊ नये. जाळीदार क्रेटमध्ये टाकावा आणि वर ओले गोणपाट घालावे. जाळे रात्रभर लावलेले असेल तर त्यात मेलेला मासा आणि उचलताना जिवंत असलेला मासा वेगळा ठेवावा, कारण पहिल्याचे घड्याळ कितीतरी तास आधीच सुरू झालेले असते. काठावर धुण्यासाठी पिण्यायोग्य पाणीच वापरावे. उजनीत भीमेबरोबर पुण्याचे सांडपाणीही येते आणि उन्हाळ्यात काठचे पाणी शेवाळाने हिरवे होते. त्या पाण्याने मासा 'स्वच्छ' करणे म्हणजे कापलेल्या मांसाला घाण चोळणे आहे. चांगले पाणी सोबत नसेल तर काठावर पोट फाडूच नये. मासा आख्खा, न कापता बर्फात घालावा आणि पुढचे काम पाटीवर करावे.

आता बर्फ. या धंद्यातला सर्वांत नाजूक टप्पा हाच आहे, मला सर्वांत जास्त छळले तेही यानेच, आणि सर्वांत वाईट सल्ले ऐकायला मिळतात तेही याच बाबतीत. 'वरून दोन घमेली बर्फ टाका, गाडी निघाली की गार होतो', 'मीठ चोळा म्हणजे टिकतो', 'बर्फ सोलापुरात घ्या, तिथे स्वस्त पडतो' असे सांगणारे भेटतात. त्यांपैकी एकही सल्ला मानू नये.

उन्हाळ्यात पाण्यातून निघालेला मासा साधारण ३० अंशांवर असतो. त्याच्या कल्ल्यांत, आतड्यांत आणि अंगावरच्या बुळबुळीत थरात जंतू असतातच. मासा जिवंत असेपर्यंत ते आवरलेले असतात, मेल्यावर मोकळे सुटतात आणि उष्णतेत झपाट्याने वाढतात. पोटातले पाचक रस तेवढ्यावर थांबत नाहीत, ते आतून पोटाची भिंत खातात. खाऊन पोट भरलेल्या माशाचे पोट आधी का फुटते, याचे कारण हे आहे. टेंभुर्णीहून सोलापूर म्हणजे महामार्गाने दीड-दोन तासांचा रस्ता, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. सोलापुरात घेतलेला बर्फ त्या दोन तासांत झालेले नुकसान भरून काढत नाही. बर्फ खराबी थांबवतो, मागे नेत नाही. म्हणून बर्फ होडीपाशी आधी पोहोचला पाहिजे आणि मासा नंतर.

किती बर्फ लागतो, याचा हिशेब अंदाजाने करू नये. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. २० किलो मासा ३० अंशांवरून शून्याजवळ आणायला साधारण साडेसहा किलो बर्फ नुसता वितळून जातो, आणि तोवर खोक्याच्या भिंतींतून आत शिरणारी उष्णता मोजलेलीच नसते. उरलेला बर्फ त्या उष्णतेशी झुंजण्यासाठी लागतो. म्हणून उन्हाळ्यात मासा तेवढाच बर्फ, किलोला किलो, हा नियम पाळावा. थंडीत थोडा कमी चालेल. निम्म्या बर्फात भागवणाऱ्यांचे पैसे वाचतात असे मला कधी दिसले नाही. खालच्या थरातला माल पडेल भावाने द्यावा लागतो, तेव्हा त्यांचा हिशेब पुरा होतो.

बर्फ कोणता, हेही पाहावे. २०१८ पासून महाराष्ट्रात अन्नासाठी नसलेला बर्फ निळा रंगवून विकण्याचे आदेश आहेत. निळसर लादी स्वस्त मिळते, पण ती माशाला लावायची नसते. पांढरा बर्फ घेतानाही तो पिण्याच्या पाण्याचा आहे का, हे कारखान्यात विचारावे आणि पावती घ्यावी. लादी गोणीत घालून डांबरी रस्त्यावर दांडक्याने धोपटण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती मी माझ्या मालाजवळ चालू देत नाही. गोणीचे सुतळीचे धागे आणि रस्त्याची माती त्या चुऱ्यात स्पष्ट दिसते. धुतलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत लादी घालावी, पिशवी स्वच्छ फळीवर ठेवावी आणि बर्फ चण्याएवढा बारीक होईस्तोवर ठोकावा. मोठे खडे माशाला टोचतात आणि त्यांच्यामधल्या पोकळीत गरम हवा राहते.

आता भरण्याची पद्धत. मासा एक किलोच्या वरचा असेल, विशेषतः कटला, तर त्याला थेट चुऱ्यात घालू नये, कारण जाड पाठीच्या मधोमध गारवा पोहोचायला तासन्तास लागतात. आधी पिंपात दोन वाटे चुरा आणि एक वाटा पिण्याचे पाणी कालवून त्यात मासे बुडवावेत. पाणी माशाला सगळीकडून भिडते, चुरा फक्त टेकलेल्या ठिकाणी भिडतो, आणि फरक थेट थर्मामीटरवर दिसतो. अणकुचीदार टोकाचा, अन्नासाठीचा थर्मामीटर थोडक्या पैशांत मिळतो. तो पाठीच्या पराच्या मागे, मणक्याच्या दिशेने खुपसावा. काटा ५ अंशांच्या खाली आला की मासा बाहेर काढून खोक्यात रचावा. वरून हात लावून 'गार झाला' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कातडी गार असते आणि मणक्याजवळचे मांस अजून कोमट असते, ही परिस्थिती मी इतक्या वेळा पाहिली आहे की थर्मामीटरशिवाय खोका बंद करणे मला आता जमतच नाही.

खोक्याच्या तळाशी दोन इंच चुरा, त्यावर मासे पोट खाली करून एकाच थरात, मग पुन्हा चुरा, असे रचत जावे. कडेच्या भिंतींना चुऱ्याचा जाड थर लागतो, कारण उष्णता तिथून येते. बहुतेक जण नेमके तेवढेच विसरतात, मध्ये बर्फाचा ढीग करतात आणि कडेचे मासे थर्माकोलला चिकटलेले राहतात. फूटभरापेक्षा जास्त उंच रचू नये, नाहीतर खालच्या चिलापीचा चेंदा होतो. तळाला भोक हवे आणि खोका फळीवर उचललेला हवा. वितळलेले पाणी वरच्या माशांची घाण घेऊन खाली उतरते. ते साचले की खालचे मासे त्याच पाण्यात भिजतात, फिके पडतात आणि त्यांना वास येऊ लागतो. निथळणारे पाणी थोडे पाहावे. ते स्वच्छ किंवा फिकट गुलाबी असेल तर ठीक, तपकिरी आणि उग्र वासाचे असेल तर आत काहीतरी बिघडले आहे आणि खोका तिथेच उघडला पाहिजे.

मासा 'टिकावा' म्हणून फॉर्मेलिन लावण्याचा प्रकार २०१८ मध्ये गोव्यात गाजला होता. फॉर्मेलिन माशाला लावण्यास मनाई आहे, आणि कुणी आडतदार 'थोडे औषध मारलेला' माल स्वस्तात देऊ लागला तर तो नाकारण्यावाचून दुसरा मार्ग नाही. डोळे चकचकीत आणि कल्ले फिकट, माशी बसत नाही आणि वास माशाचा नसून दवाखान्यासारखा, असे आढळले की शंका घ्यावी. मांगूर म्हणून विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी माशाच्या संवर्धनावर देशात बंदी आहे, म्हणून उजनीच्या मालात तो मिसळून येऊ लागला तर तोही घेऊ नये.

पाटीवर काम सोपे आहे. मासा बर्फावर मांडावा, उन्हात नव्हे. कापण्याचा लाकडी ओंडका चिरलेला असेल तर बदलावा, कारण चिरेत जे शिरते ते घासून निघत नाही. एका हाताने नोटा आणि त्याच हाताने मासा, हे टाळायला दुसरा माणूस किंवा पैशांसाठी वेगळी पेटी ठेवावी. वर्तमानपत्रात बांधून देण्यास २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई केली आहे, आणि पातळ पिशव्यांवर राज्यात बंदी आहे, म्हणून डबा आणणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन रुपये कमी लावणे परवडते.

संध्याकाळी उरलेला मासा ताज्या चुऱ्यात पुन्हा रचावा आणि दुसऱ्या दिवशी 'कालचा' असे सांगूनच वेगळ्या ढिगात विकावा. नव्या मालात मिसळू नये, कारण गिऱ्हाइकाला त्याच्या वाट्यात एक मऊ मासा सापडला की संपूर्ण पाटीवरचा विश्वास जातो. कालचा बर्फ ओतून द्यावा. खोके साबणाने धुऊन, दहा लिटर पाण्यात चहाचा एक चमचा ताजी ब्लिचिंग पावडर घातलेल्या पाण्याने खंगाळून, पुन्हा साध्या पिण्याच्या पाण्याने धुवावेत आणि उपडे करून वाळत घालावेत. कल्ले आणि आतडी झाकणाच्या डब्यात जमा करून महापालिकेच्या कचरागाडीला द्यावीत, गटारात टाकू नयेत.