लहान मुलांना रोल-प्लेइंग गेम खेळवताना या चुका टाळा

पाच-सहा वर्षांचं मूल दहा मिनिटांत टेबलाखाली जाऊन बसलं की मोठी माणसं म्हणतात, ‘त्याला यात गोडी नाही.’ मी रविवारी दुपारी सोसायटीतल्या चार-पाच मुलांना खेळवते. वयं पाच ते नऊ. मला दिसलंय ते असं, की मूल टेबलाखाली जातं कारण त्याची टर्न येतच नाही. आपण गावाचं वर्णन करत असतो, राजाच्या तीन मुलांची नावं सांगत असतो, आणि ‘मग तू काय करतेस?’ हा एकच प्रश्न विचारायचा राहून जातो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: एक जण गोष्ट सांगतो, तो गेम मास्टर. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगतात. ते जमेल की नाही अशी शंका असली की फासा टाकायचा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला, तेव्हापासून हा प्रकार जगभर खेळला जातो. पण त्याचे नियम मोठ्या मुलांसाठी आहेत. तेच नियम जसेच्या तसे सहा वर्षांच्या मुलापुढे ठेवले की बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

लांबलचक सुरुवात

तीन वाक्यं पुरतात. ‘रात्र झालीये. तुमची बैलगाडी चिखलात रुतलीये. झाडामागे कुणीतरी हुंदके देतंय. काय करता?’ बस. हुंदके देणारा कोण, हे मुलंच विचारतील. पहिल्या दिवशी तर मुलांना पाठ असलेली गोष्टच घ्या. आमचा पहिला खेळ भोपळ्यातल्या म्हातारीचा होता. जंगल, वाघ, लेकीचं घर, सगळं माहीत, त्यामुळे मला वर्णन करावंच लागलं नाही. मुलं त्या म्हातारीच्या सोबतीला निघाली.

गोष्टीचा शेवट मात्र आधी ठरवू नका. मी एकदा गुहेचं कोडं रात्री जागून तयार केलं होतं. मुलांनी गुहेत जायचं नाकारलं आणि बाहेरच्या माकडाशी मैत्री केली. त्यांना ओढून गुहेत नेलं, आणि खेळ तिथेच विझला. आता मी फक्त अडचण तयार ठेवते. कोण अडकलंय, कशामुळे, आणि वाटेत कोण भेटेल. वाट मुलं काढतात.

कठीण फासे

वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा जास्त लागत असेल, तर दहापैकी सरासरी सात वेळा दान फसतं. मोठ्यांना ते चालतं. मूल तीन वेळा ओळीने हरलं की त्याला वाटतं, आपल्याला खेळताच येत नाही. मार्टिन लॉइड यांचा ‘अमेझिंग टेल्स’ हा चार वर्षांपासूनच्या मुलांसाठीचा खेळ आहे, त्यातली युक्ती मला फार आवडते. मुलाच्या पात्राला चार गोष्टी येतात. सगळ्यात चांगलं जे येतं त्याला बारा बाजूंचा फासा, मग दहाचा, आठचा, आणि सगळ्यात कच्च्या गोष्टीला सहाचा. कुठल्याही फाशावर तीन किंवा जास्त पडलं की जमलं. म्हणजे सगळ्यात लहान फाशावरही तीनपैकी दोन वेळा यश. बेरीज-वजाबाकी नाही, आणि ‘मी कशात पटाईत’ हे मुलाला हातातल्या फाशाच्या आकारावरून कळतं. घरात फक्त सापशिडीचा फासा असेल तरी हाच नियम चालतो.

दान फसलं तर ‘नाही जमलं, पुढचा’ असं म्हणून थांबू नका. मुलगी नदीवरून उडी मारते आणि एक पडतो, तर ती पलीकडे पोचू दे, पण चप्पल वाहून जाऊ दे. आता चप्पल पकडायला कोण धावणार? हरण्यातूनही पुढचा प्रश्न निघाला पाहिजे.

काही मुलं फासा हळूच बोटाने फिरवतात. त्याला लबाडी म्हणून सगळ्यांसमोर बोलू नका. त्या मुलाला हरायची भीती वाटतेय. सगळ्यांनीच कडा असलेल्या ताटात फासा टाकायचा, एवढा नियम पुरतो. फासे पलंगाखाली जाणंही थांबतं.

पात्राला मारून टाकणं

हे कधीच करू नका. पाच वर्षांच्या मुलासाठी त्याचं पात्र म्हणजे तोच असतो. मार लागला तर चक्कर येते, आणि मित्राने पाणी पाजलं की पात्र उठतं. यात दुसऱ्या मुलाला मदत करायची संधी मिळते, आणि मुलं त्यासाठी अक्षरशः धावतात.

‘मी त्याला तलवारीने मारतो’ हे वाक्य येणारच. रागावू नका. विचारा, ‘तलवार पाहून राक्षस रडायला लागला. आता?’ भोपळ्यातल्या म्हातारीने एकाही वाघाला मारलं नव्हतं, ती बोलून सुटली होती. मुलांना ती वाट ठाऊक असते, फक्त ती मोकळी ठेवावी लागते.

भीतीचंही सांगते. मैदानात मुलं हात वर करून ‘टाइमप्लीज’ म्हणतात ना, तेच टेबलावर चालू ठेवा. कुणीही टाइमप्लीज म्हटलं की खेळ थांबतो, कारण विचारायचं नाही, आणि भूत झाडावरचं वटवाघूळ निघतं.

कच्चा लिंबू

धाकट्या भावंडाला आपण सहज कच्चा लिंबू करतो. फासा टाकू देतो, पण त्याच्या दानाने काहीच होत नाही. चार वर्षांच्या मुलाला हे लगेच कळतं, आणि मग तो फासे फेकतो. त्याला एक खरं काम द्या, जे बाकी कुणालाच येत नाही. आमच्याकडचा सगळ्यात धाकटा कुत्रा होतो. वास फक्त त्यालाच येतो, त्यामुळे नऊ वर्षांची मुलंसुद्धा थांबून विचारतात, ‘कुठून वास येतोय?’

मोठ्या आवाजाचं मूल सगळ्यांच्या वतीने ठरवत असेल, तर एक वाटी फिरवा. वाटी ज्याच्या हातात, बोलणं त्याचं.

बाकी बारीकसारीक: चाळीस मिनिटं पुष्कळ झाली, खाऊ आधी द्या, आणि घरात रांगणारं बाळ असेल तर फासे मोजून उचला, ते घशात अडकू शकतात.

दोन-तीन महिन्यांनी एखादं मूल म्हणतं, आज गोष्ट मी सांगणार. तेव्हा त्याचे नियम दुरुस्त करू नका. माझ्या भाचीने गेल्या महिन्यात मला विचारलं, ‘आत्या, दार उघडलंय. आत वाघ झोपलाय. तू काय करतेस?’ मी म्हटलं, पाय न वाजवता जाते. कितीला जमेल, हे तिने ठरवलेलं नव्हतं. तिने वाघाकडे बघावं तसं ताटाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘चार. कारण तो दमलाय.’