गिधाडाचं घरटं कायदा सांभाळून कसं बघायचं

नाशिकजवळच्या अंजनेरीसारख्या सह्याद्रीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, ही जात आहे. कलम 2(16) प्रमाणे पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला व्यत्यय आणणं हीसुद्धा शिकारच. कलम 51 नुसार त्याला 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे. हातात बंदूक नव्हती, कॅमेरा होता, म्हणून सुटका होत नाही.

घरट्यापासून किती मीटर लांब राहायचं, हे मात्र कायदा सांगत नाही. ते गिधाडाकडे बघूनच ठरवावं लागतं.

निघण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. अभयारण्यात जायला आणि फोटो काढायला कलम 28 खाली परवानगी लागते.

विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. अंडं एकच, उबवायला सुमारे 50 दिवस. म्हणूनच या काळात जास्त जपायचं.

बसायचं ते समोरच्या धारेवर किंवा खाली, निदान 300 मीटर लांब. कड्याच्या माथ्यावर कधीच जाऊ नका. डोक्यावर माणूस आला की गिधाडं सर्वात जास्त बिचकतात. तिपाईवर 20 ते 60 पट मोठं दाखवणारा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची दुर्बीण) लावा आणि कपारीखालचे विष्ठेचे पांढरे ओघळ शोधा. ओघळ नुसत्या बसायच्या जागेखालीही असतात, त्यामुळे पोटावर पसरून बसलेला पक्षी दिसला तरच तिथे अंडं असेल असं समजा.

त्या पक्ष्याने मान उंचावून तुमच्यावर नजर रोखली, की लगेच मागे सरका. उभा राहिला तर सामान आवरा. तो उडाला तर अंडं उघडं पडतं, कावळ्यांना आयतं सापडतं. घाईच्या झेपेत पिल्लू कपारीवरून खालीही जाऊ शकतं. आणि 'परत येतो का बघू' म्हणून रेंगाळू नका, तुम्ही दिसताय तोवर तो येणार नाही.

ड्रोन, रॅपलिंग (दोरीने कडा उतरणं), फटाके त्या कड्यावर अजिबात नकोत. फोटो टाकताना मोबाइलमधलं लोकेशन बंद करा, गडाचं नावही लिहू नका. एका फोटोमागे पुढच्या रविवारी तिथे गर्दी होते.

खाली पडलेलं पिल्लू दिसलं तर उचलू नका, वनविभागाच्या 1926 वर फोन करा. काही कारणाने ते ताब्यात आलंच, तर कलम 39 प्रमाणे ते सरकारी मालमत्ता ठरतं आणि 48 तासांच्या आत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे.