अवकाशातल्या सोलरची बातमी आली की आधी अँटेनाचं गणित करा

सॅटेलाइटवर सोलर पॅनल लावून वीज मायक्रोवेव्हच्या बीमने (रेडिओ लहरींच्या झोताने) खाली पाठवणार अशी बातमी आली की सगळे पॅनल केवढं ते बघतात, पण गाडं अडतं ते अँटेनाशी, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

सूत्र लिहून घ्या: २.४४ गुणिले वेव्हलेंग्थ गुणिले अंतर, भागिले वरच्या अँटेनाचा व्यास, सगळं मीटरमध्ये. जमिनीवर बीम साधारण केवढा पसरेल ते कळतं. नासाचं १९७०च्या दशकातलं डिझाइन घ्या, २.४५ गिगाहर्ट्झ म्हणजे वेव्हलेंग्थ ०.१२२ मीटर, उंची ३६,००० किमी (तिथे सॅटेलाइट खालून एकाच जागी दिसतो), अँटेना १ किमीचा. करा गुणाकार, १०.७ किमी येतात. आणि त्यांनी खाली रेक्टेना (डायोड लावलेल्या अँटेनांची जाळी, मायक्रोवेव्हची थेट डीसी वीज करते) धरला होता १० बाय १३ किमीचा!

आता अँटेना १० मीटरचा धरून बघा. बीम हजार किमीच्या वर जातो, अख्खा महाराष्ट्र त्यात मावेल, वीज काय मिळणार कप्पाळ. ५.८ गिगाहर्ट्झ घेतलं तर १ किमीच्या अँटेनाला साडेचार किमीवर भागतं, हा फायदा खरा आहे. कोणी म्हणेल सॅटेलाइट ५०० किमीवर ठेवू, ठेवा की, पण तो डोक्यावरून काही मिनिटांत निघून जातो, मग एक नाही, भरपूर लागतात.

पॅनल त्यानंतर. वर चौरस मीटरला १३६१ वॅट ऊन, पॅनल २० टक्के धरा, पाठवण्यात निम्मी गेली धरा, हातात उरतात १३६ वॅट. १ गिगावॅटला साधारण साडेसात चौरस किमी पॅनल. रात्र जवळपास नाहीच, आणि जुलैतल्या पावसातूनही २.४५ची बीम फारशी घटत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप मला मनापासून पटतो.

बीमने पक्षी भाजतील का हे सगळेच विचारतात. नासाच्या डिझाइनमध्ये मधोमध चौरस मीटरला २३० वॅट होते, दुपारचं ऊन हजाराच्या आसपास असतं. तरी कुंपण हवंच.

शेवटी विचारा, खाली किती वॅट *मिळाले*? १९७५ला नासाच्या गोल्डस्टोन केंद्रात (कॅलिफोर्निया) जमिनीवरच दीड किमीवर ३० किलोवॅटच्या वर मिळाले होते. कॅलटेकच्या (कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाचं विद्यापीठ) २०२३च्या प्रयोगात ऑर्बिटमधून आलेला सिग्नल पॅसाडीनात पकडला, मोठीच गोष्ट आहे, पण तो सिग्नल होता, दिवा लागेल एवढी वीज नव्हे.